ऐकलेलं कुठे न्यायचं

शाळेच्या फाटकातून : लेखांक ६

गेल्या आठवड्यातला लेख कॅथलिक शाळांच्या प्रवेशावर होता. तो वाचून इथल्याच, ब्रॅकनेलमधल्या एका मैत्रिणीने विचारलं, "थोरली शाळेत आहेच. मी आठवड्यातून एकदा मदतीला जाऊ लागले, तर धाकट्याच्या प्रवेशाला तेवढाच हातभार लागेल ना?"

नाही. पालकांनी शाळेला किंवा शाळेशी जोडलेल्या धर्मसंस्थेला पैशांची वा श्रमांची मदत केली म्हणून मुलाला प्राधान्य देता येत नाही, असं इंग्लंडच्या शाळा प्रवेश संहितेतच लिहिलं आहे. भावंड म्हणून, बाप्तिस्मा झालेलं मूल म्हणून क्रम वर लागू शकतो. आईने शाळेच्या जत्रेसाठी शंभर सामोसे तळले म्हणून लागत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. काहीतरी पदरात पडेल या आशेने वर्गात बसलेला माणूस तिथे जे पाहतो, ऐकतो, त्याचाही हिशेब मांडायला लागतो. आजचा लेख त्या पाहिलेल्या-ऐकलेल्याबद्दलच आहे.

ब्रॅकनेलमध्ये दोन कॅथलिक प्राथमिक शाळा आहेत, सेंट जोसेफ आणि सेंट मार्गारेट क्लिदरो. दोन्ही पोर्ट्समथ धर्मप्रांतातल्या. अशा शाळांत पालक मदतीला जातात ते मुलांचं वाचन ऐकायला, सहलीला सोबत करायला, मिस्सासाठी मुलांना रांगेने चर्चला न्यायला. मी वसईची. आमच्याकडे सिस्टरांच्या शाळेत आईवडील जात ते निकालाच्या दिवशी किंवा तक्रार आली तर. वर्गात बसून दुसऱ्यांच्या मुलांचं वाचन ऐकायचं, ही कल्पनाच मला इथे येऊन कळली.

आत जाण्याआधी डीबीएसची, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची, तपासणी येते आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना तिथेच पहिला चटका बसतो. "मी काय चोर आहे का?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. भारतातून नव्याने आलेल्यांकडून शाळा तिथल्या पोलिसांचं प्रमाणपत्रही मागू शकते. मग तर अपमानच वाटतो. त्यामागची गोष्ट ठाऊक असली की तसं वाटत नाही. ऑगस्ट २००२मध्ये केंब्रिजशरमधल्या सोहॅम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी त्याच गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध आधी, दुसऱ्या भागात, लैंगिक गुन्ह्यांचे अनेक आरोप झाले होते. हंबरसाइडच्या पोलिसांकडे त्याची माहिती आली होती. पण ती नीट जपली गेली नाही आणि नोकरी देताना शाळेपर्यंत पोहोचलीच नाही. २००४च्या बिचर्ड चौकशीने हे सगळं उघड केलं, त्यातून मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या तपासणीचा २००६चा कायदा आला आणि २०१२च्या शेवटी आजची डीबीएस संस्था. माहिती होती, ती जिथे जायला हवी होती तिथे गेली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

तपासणी झाली नसेल तर मदतनीसाला मुलांबरोबर एकटं सोडायचं नाही, हा सरकारी मार्गदर्शिकेतला नियम. ती झाली तरी हातांचे नियम उरतातच. छोट्यांना एकट्याने टॉयलेटला नेऊ नका. फोन आत ठेवा, फोटो काढू नका. डब्यातलं काही भरवू नका. शेंगदाण्याची चिक्की तर पिशवीतही नको, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या ती जिवावर बेतू शकते. रडणाऱ्या पोराला मांडीवर घेणं आपल्याला श्वासाइतकं सहज येतं, तेही आवरायचं. शेजारी खाली बसा, बोला, शिक्षिकेला हाक मारा. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं. जिभेचे नियम अंगवळणी पडायला मला वर्षं लागली.

ब्रॅकनेल हे १९४९मध्ये न्यू टाउन म्हणून जाहीर झालेलं शहर. आखणी करताना त्याच्या वस्त्या अशा पाडल्या की घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर प्राथमिक शाळा असावी, दुकानं असावीत. राहायला सुखाचं आहे. पण त्यामुळे फाटकावर सव्वातीनला भेटलेली माणसंच तासाभराने दुकानात भेटतात आणि शनिवारी कुणाच्या तरी सत्यनारायणाला. इथे बातमीला पाय लागत नाहीत, ती आधीच पोहोचलेली असते.

वाचनाच्या पुस्तकांना इथे रंगांच्या पायऱ्या असतात. गुलाबी, लाल, पिवळा, निळा, हिरवा असं चढत जायचं. वाचन ऐकणाऱ्या मदतनीसाला अख्ख्या वर्गाचे रंग कळतात. एका दिवाळीच्या जेवणात एका आईने मला विचारलं, आमचा कसा वाचतो? मी कौतुकानेच म्हणाले, "छान वाचतो गं, ऑरेंजवर गेला की! त्याच्या टेबलावरचे बाकीचे अजून यलोवरच आहेत." त्या बाकीच्यांपैकी एकाची आई वाढायला पंगतीत होती. तिने काही म्हटलं नाही. पोळ्यांचं ताट ठेवून ती आत गेली. माझ्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, खोटंही काही नव्हतं. तरी ते माझं नव्हतंच. अडखळत वाचलेलं ते पान त्या मुलाने माझ्यासमोर विश्वासाने उघडलं होतं आणि मी ते पंगतीत वाढलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. तिने चहा केला, विषय बदलला. पण त्या वर्षी मुलाच्या अभ्यासाचा विषय तिने माझ्याजवळ पुन्हा काढला नाही.

तेव्हापासून फाटकावर कुणी विचारलं की मी एकच सांगते, बाईंना विचार. कुठल्या मुलाला लिहिता येत नाही, कोण जेवणाच्या सुट्टीत एकटं बसतं, कुणाला न्यायला आज बाबाऐवजी आजी आली, यातलं काहीही बाहेर नेऊ नये. स्वतःच्या नवऱ्यालाही सांगू नये. प्रशंसासुद्धा नको, एकाची प्रशंसा दुसऱ्याचं माप होते.

इतपत बहुतेकांना पटतं. अवघड आहे ते याच्या अगदी उलटं.

समजा, वाचता वाचता एक सात वर्षांची मुलगी पुस्तक मिटते आणि मराठीत म्हणते, "मावशी, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं." मराठीत, कारण त्या इमारतीत तिची भाषा कळणाऱ्या तुम्ही एकट्या. तिच्या घरी तुम्ही गणपतीला जेवलेल्या आहात. तिच्या आईचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. अशा वेळी आपल्या मनात पहिला शब्द येतो तो "आपल्यातलं आपल्यात". तिच्या आईला हळूच सांगू, ती बघेल. परक्या देशात आपल्याच माणसाच्या घरी सोशल वर्कर कशाला?

इथे तुमची माया त्या मुलीच्या विरुद्ध जाते. घरात कोण काय करतंय हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या फोनने एखादा माणूस सावध होऊ शकतो आणि मूल संध्याकाळी त्याच घरी परतणार असतं. म्हणून "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीही द्यायचं नाही. "मला सांगितलंस ते चांगलं केलंस. तुला मदत करणाऱ्या एका बाईंना मला हे सांगावं लागेल," एवढं म्हणायचं. खोदून विचारायचं नाही, "काकांनी केलं का?" असं नाव सुचवायचं तर मुळीच नाही. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली एक व्यक्ती नेमलेली असते, सगळे तिला डीएसएल म्हणतात. त्याच दिवशी, मूल घरी जाण्याआधी, तिच्याकडे जायचं. प्रश्न मुख्याध्यापकांबद्दलच असेल तर नियामक मंडळाच्या अध्यक्षांकडे. मूल या घडीला धोक्यात आहे असं वाटलं तर थेट पोलिसांना ९९९.

म्हणजे फाटकावर एक अक्षर नाही आणि त्या एका खोलीत एकही अक्षर गाळायचं नाही. आपण नेमकं उलटं करतो. क्षुल्लक गोष्टी चारचौघांत सांगतो आणि गंभीर गोष्ट गिळतो.

कॅथलिक म्हणून हे लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहायला हवं. १९७० ते २०१५ या काळात इंग्लंड-वेल्सच्या कॅथलिक चर्चकडे ९००हून अधिक तक्रारी आल्या होत्या, बाललैंगिक शोषणाच्या ३,०००हून अधिक प्रसंगांच्या, ९००हून अधिक व्यक्तींविरुद्ध. बाललैंगिक शोषणाच्या स्वतंत्र चौकशीच्या नोव्हेंबर २०२०च्या अहवालात हे आकडे आहेत. त्या व्यक्तींमध्ये धर्मगुरू होते, मठवासी होते आणि स्वयंसेवकही होते. चर्चने मुलांपेक्षा स्वतःचं नाव जपलं, असं तो अहवाल म्हणतो. त्याआधी २००१मध्येच लॉर्ड नोलन यांच्या समितीने ८३ शिफारशी दिल्या होत्या. हे नोलन स्वतः कॅथलिक, आणि ब्रिटनच्या सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं १९९५मध्ये ज्यांच्या समितीने मांडली तेच न्यायमूर्ती. त्या सातांत प्रामाणिकपणा आहे, मोकळेपणा आहे, उत्तरदायित्व आहे. चौकशीच्या ऑक्टोबर २०२२च्या अंतिम अहवालाने तर अशी माहिती कळवणं कायद्याने सक्तीचं करा आणि कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढच्या पापकबुलीलाही, त्यातून सूट देऊ नका, अशी शिफारस केली. त्यावर चर्चमध्ये मतभेद आहेत. पण वाचन ऐकणारी मावशी म्हणजे धर्मगुरू नव्हे आणि वर्गाचा कोपरा म्हणजे कन्फेशनची खिडकी नव्हे, याबद्दल मतभेद असायचं कारण नाही.

आपल्याकडे, भारतात, २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार असा गुन्हा कळलेल्या कुणालाही तो पोलिसांना कळवावाच लागतो. न कळवणं हाच कलम २१खाली गुन्हा. तरी ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात बालवाडीतल्या दोन मुलींच्या पालकांची तक्रार नोंदवायला पोलिसांनी तासन्‌तास लावले, आणि २० तारखेला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. पुन्हा तेच. माहिती होती.

इथल्या एका शाळेला जिचं नाव आहे ती मार्गारेट क्लिदरो यॉर्कच्या खाटकाची बायको होती. बंदी असताना धर्मगुरूंना घरात आसरा दिला म्हणून १५८६मध्ये तिला पकडलं. न्यायालयात तिने आरोप मान्यही केला नाही, नाकारलाही नाही. खटला चालला असता तर तिच्याच मुलांना तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं असतं. त्या गप्प राहण्याची शिक्षा म्हणून तिला वजनाखाली चिरडून मारलं. पोरांना वाचवण्यासाठी ती बोलली नाही. आपल्याला कधी कधी त्याच कारणासाठी बोलावं लागतं.

डीएसएलकडे जाताना कागदावर काय असावं, हे मला एका अनुभवी शिक्षिकेने शिकवलं. तारीख, वेळ, जागा, तिथे आणखी कोण होतं. मग मुलाचे शब्द, जसेच्या तसे. मूल मराठीत बोललं असेल तर आधी मराठीतच लिहायचं, देवनागरीत, आणि खाली इंग्रजी अर्थ. "त्रास देतात" याला इंग्रजीत पाच शब्द निघतात आणि त्यातला कोणता, हे आपण ठरवायचं नाही. आपलं मत लिहायचं नाही. खाली सही.

त्यानंतर पुढे काय झालं, हे बहुधा तुम्हाला कुणी सांगणार नाही. ती माहिती आता तुमची नसते. कदाचित काहीच नव्हतं असं निघालं असेल, कदाचित बरंच काही. मंगळवारी तुम्ही पुन्हा वर्गात जाता, ती मुलगी समोर येऊन बसते, पिवळ्या पट्टीचं पुस्तक उघडते आणि जिथे थांबली होती त्या ओळीवर बोट ठेवते.