बाळंतपणानंतरचे शरीर आणि सिलिकॉनचे आरोपण

स्तनात स्नायू जवळजवळ नसतात. दुधाच्या ग्रंथी, त्या ग्रंथींपासून स्तनाग्रापर्यंत जाणाऱ्या नळ्या, त्यांच्या भोवतीचा मेद आणि या सगळ्यांना छातीच्या भिंतीशी व त्वचेशी बांधून ठेवणारे तंतुमय बंध अशी त्याची रचना असते. या बंधांना इंग्रज शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांच्या नावावरून कूपरचे बंध म्हणतात. गरोदरपणात ग्रंथी झपाट्याने वाढतात, त्वचा ताणली जाते आणि बंधही लांबतात. बाळाचे दूध तुटल्यावर ग्रंथी आक्रसतात, परंतु ताणलेली त्वचा आणि लांबलेले बंध पूर्वीइतके आवळले जात नाहीत, त्यामुळे स्तनाचा वरचा भाग रिता दिसू लागतो, खालचा ओघळतो आणि स्तनाग्राची दिशा खाली वळते. ही व्याधी नाही आणि कोणाच्या निष्काळजीपणाचे फळही नाही. तरीही आरशातील हा बदल अनेक स्त्रियांना मनापासून सलतो, आणि त्या सलण्याला उथळ ठरवून मोडीत काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या बदलाचे खापर घरोघरी स्तनपानावर फोडले जाते. अंगावर पाजल्याने बांधा बिघडतो, ही समजूत इतकी रुजलेली आहे की काही माता त्या धास्तीने बाळाचे दूध लवकर तोडतात. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी आलेल्या मातांची तपासणी करून २००८ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या समजुतीच्या विरुद्ध आहेत. वाढते वय, उंचीच्या मानाने अधिक वजन, गर्भारपणांची संख्या, स्तनांचा मूळचा मोठा आकार आणि धूम्रपान यांचा ओघळण्याशी संबंध आढळला. स्तनपानाचा स्वतंत्र परिणाम मात्र दिसून आला नाही. म्हणजे जो बदल व्हायचा तो गर्भारपणातच घडून गेलेला असतो, आणि बाळाला दूध नाकारल्याने तो टळत नाही.

शस्त्रक्रियेच्या निर्णयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक आकारमान आणि ओघळ यांतला आहे, आणि नेमका तोच बहुधा स्पष्ट केला जात नाही. आरोपण, म्हणजे सिलिकॉनच्या आवरणात सिलिकॉनचाच घट्टसर द्राव किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी भरून केलेली पिशवी ग्रंथींच्या मागे अथवा छातीच्या स्नायूच्या मागे बसवणे. ते आकारमान वाढवते, ओघळ उचलत नाही. ओघळ किती आहे हे ठरवण्यासाठी शल्यविशारद स्तनाग्राची पातळी स्तनाखालच्या घडीशी ताडून पाहतात. स्तनाग्र घडीच्या वर असेल आणि स्तन केवळ रिता झालेला असेल, तर आरोपणाने अपेक्षित परिणाम साधू शकतो. ते घडीच्या बरेच खाली उतरले असेल, तर नुसती पिशवी बसवल्याने तोच ओघळ अधिक जड होतो. तेथे स्तन-उत्थापन ही निराळी शस्त्रक्रिया लागते. तीत जादा त्वचा काढून स्तनाग्र वर बसवले जाते आणि त्याचे व्रण स्तनाग्राभोवती व त्याखाली कायमचे राहतात. दोन्ही एकत्र करता येतात, पण एक क्रिया त्वचा आवळते आणि दुसरी तीच आतून ताणते, त्यामुळे एकत्रित शस्त्रक्रिया अधिक अवघड ठरते आणि पुन्हा दुरुस्ती करावी लागण्याची शक्यताही वाढते. स्वतःच्याच पोटावरचा वा मांडीवरचा मेद काढून स्तनात भरण्याचाही एक मार्ग आहे. त्यातील काही मेद शरीर शोषून घेते, म्हणून त्याने माफक फरक पडतो. मापाविषयी नाराज असलेल्या कित्येक स्त्रियांना खरे पाहता केवळ उत्थापनाची गरज असते, आणि काहींना तर कशाचीच नसते.

आरोपणाचा इतिहास एका मातेपासूनच सुरू होतो, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. १९६० च्या सुमारास रक्तपेढ्यांत काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या येऊ लागल्या होत्या. टेक्सासमधील ह्यूस्टन येथील शल्यविशारद फ्रँक गेरो यांना रक्ताने भरलेली अशी पिशवी हातात घेताना तिचा स्पर्श स्तनासारखा वाटला, आणि त्यातून त्यांनी व थॉमस क्रोनिन यांनी डाऊ कॉर्निंग या कंपनीच्या साहाय्याने सिलिकॉनची पिशवी तयार केली. १९६२ साली ती प्रथम बसवली गेली टिमी जीन लिंडसे या सहा मुलांच्या आईला. त्या रुग्णालयात आल्या होत्या छातीवर गोंदलेली गुलाबाची फुले काढून घेण्यासाठी. स्तन मोठे करावेत असा विचार त्यांनी केलेला नव्हता. सुचवणी डॉक्टरांची होती, आणि लिंडसेबाईंना बदल हवा होता तो कानांत, म्हणून पुढे आलेले कान नीट करून देण्याच्या बोलीवर त्या तयार झाल्या. या घटनेत कोणाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. तरीही स्त्रीने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने पुढे करावे, ही रीत पहिल्याच शस्त्रक्रियेपासून पडली. पोटासाठी सल्ला घ्यायला गेलेल्या मातेसमोर आज ‘मॉमी मेकओव्हर’ या नावाने पोट, कंबर आणि स्तन यांचे एकत्रित दरपत्रक ठेवले जाते, त्यातही तीच रीत दिसते.

पुढची तीस वर्षे ही पिशवी पुरेशा दीर्घकालीन चाचण्यांविना विकली गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ साली सिलिकॉन द्रावाच्या आरोपणांवर निर्बंध आणले आणि कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसारखे अपवाद सोडता केवळ सौंदर्यासाठी ती वापरणे थांबवले; खटल्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंगने १९९५ साली दिवाळखोरी जाहीर केली. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या अमेरिकी संस्थेने १९९९ साली सगळ्या पुराव्यांचा आढावा घेऊन सांगितले की सिलिकॉनमुळे सर्वांगाचे आजार होतात याला पटण्याजोगा आधार नाही, परंतु स्तनातच उद्भवणारे उपद्रव वारंवार घडतात आणि चिंता करावी ती त्यांची. २००६ साली दीर्घ पाठपुराव्याच्या अटींवर ही आरोपणे तेथे पुन्हा मान्य झाली. युरोपात मात्र वेगळाच घात झाला. फ्रान्समधील ‘पीआयपी’ या कंपनीने मान्यताप्राप्त वैद्यकीय सिलिकॉनऐवजी औद्योगिक प्रतीचे सिलिकॉन भरल्याचे २०१० साली उघडकीस आले, आणि तिचे संस्थापक झाँ-क्लोद मास यांना २०१३ साली चार वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. २०१९ साली अ‍ॅलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ ही खडबडीत पृष्ठभागाची आरोपणे जगभरातून परत घेतली, कारण आरोपणाभोवतीच्या आवरणात उद्भवणाऱ्या एका दुर्मीळ लसिकाकर्करोगाशी त्या पृष्ठभागाचा संबंध दिसून आला होता. हा रोग बहुधा अनेक वर्षांनी स्तनाला अचानक सूज येऊन प्रकट होतो, आणि वेळीच ओळखला तर आरोपण व त्याभोवतीचे आवरण काढून तो सहसा बरा होतो. म्हणून आरोपण गुळगुळीत आहे की खडबडीत, कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या क्रमांकाचे, याची नोंद असलेले कार्ड मागून घेणे हा प्रत्येकीचा हक्क आहे. दागिन्याच्या पावतीइतकेच ते जपून ठेवले पाहिजे.

नेहमी आढळणारे उपद्रव तुलनेने साधे, पण चिवट असतात. शरीर प्रत्येक परक्या वस्तूभोवती तंतूंचे आवरण तयार करते. काही स्त्रियांत ते इतके आवळते की स्तन कडक होतो, त्याचा आकार बदलतो आणि तो दुखू लागतो. पिशवी फुटू शकते. मिठाच्या पाण्याची फुटली तर स्तन बसल्याने लगेच कळते, सिलिकॉनची मात्र कोणतेही लक्षण न देता फुटलेली राहू शकते. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. काही स्त्रिया थकवा, सांधेदुखी आणि विस्मरण यांची तक्रार करतात. तिचे निदान करणारी निश्चित चाचणी नाही, पण आरोपण काढल्यावर काहींना बरे वाटते, तेव्हा ती तक्रार मनाचा खेळ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल.

अमेरिकी प्रशासनाने २०२१ साली आरोपणाच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले, आणि त्यातील पहिलीच बाब अशी की ही वस्तू आयुष्यभर टिकणारी मानलेली नाही. फुटलेले सिलिकॉन आरोपण ओळखण्यासाठी पाच-सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, अशी शिफारसही त्या वेळी करण्यात आली. हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. बत्तिसाव्या वर्षी आरोपण करून घेणाऱ्या स्त्रीला साठीपर्यंत अशा आठ ते बारा तपासण्या कराव्या लागतील, आणि मधल्या काळात किमान एकदा तरी बदलण्याची वा काढण्याची शस्त्रक्रिया होण्याची शक्यता गृहीत धरावी लागेल. भारतात निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही, आणि इतर उपचारांना मिळणारी वस्तू व सेवा कराची सूटही तिला नाही. दरपत्रकावरचा आकडा हा त्यामुळे पहिल्या हप्त्यासारखाच समजावा.

स्तनाचा नेहमीचा कर्करोग आरोपणामुळे वाढतो असे दिसलेले नाही, मात्र त्याचा शोध घेणे अवघड होते, कारण मॅमोग्राफीत पिशवीची सावली काही ऊती झाकते. तंत्रज्ञाला आधी सांगितले, तर पिशवी मागे सारून जादा चित्रे घेता येतात. भारतीय स्त्रियांत हा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात होतो; म्हणून आई, मावशी वा बहिणीला तो झालेला असेल, तर ही माहिती शल्यविशारदाला पहिल्याच भेटीत द्यावी आणि शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी करून घ्यावी.

घाई करण्याजोगे यात काहीच नाही. दूध पूर्ण तुटल्यानंतरही स्तनाला आपले नवे रूप घेण्यास काही महिने लागतात, आणि निदान तीन ते सहा महिने थांबून, वजन स्थिर झाल्यावरच मोजमाप करण्यात अर्थ असतो. आणखी मूल हवे असेल, तर पुढचे गर्भारपण केलेले काम बिघडवू शकते. आरोपणानंतर अनेक स्त्रिया स्तनपान करू शकतात, परंतु दूध अपुरे पडण्याचा संभव असतो, आणि स्तनाग्राभोवती छेद घेतला असेल तर तो वाढतो. प्रसूतीनंतरच्या उदासीनतेत स्वतःच्या शरीराविषयी झालेले मत हे त्या आजाराचेही मत असू शकते. आधी त्या उदासीनतेवर उपचार व्हावेत. शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलता येत नाही, आणि दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोंचे असते. त्याला कडेवर घेणे, आंघोळ घालणे, रात्री उठून थोपटणे हे त्या काळात कोण करणार, याचे उत्तर घरात नसेल तर तारीख पुढे ढकलावी. पतीची इच्छा हे शस्त्रक्रियेचे पुरेसे कारण होऊ शकत नाही. विचारपूर्वक, स्वतःच्या समाधानासाठी हे करून घेणाऱ्या कितीतरी स्त्रिया पुढे संतुष्ट असतात, आणि त्यांना कोणाला कारण सांगत बसण्याची गरज नाही.

शल्यविशारदाने सामान्य शस्त्रक्रियेनंतर प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी घेतलेली आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. परदेशी राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत महिन्याभराच्या सुट्टीत मुंबई-पुण्यात उपचार उरकून घेण्याची पद्धत आहे. दातांच्या बाबतीत ती चालून जाते, येथे मात्र सूज आली वा ताप भरला तर शस्त्रक्रिया करणारा हात हजारो मैल दूर असतो, म्हणून पाठपुरावा कोण करील हे तिकीट काढण्यापूर्वी ठरले पाहिजे. आणि पहिल्याच भेटीत आरोपण काढण्याविषयीही विचारावे, कारण ती शस्त्रक्रिया बसवण्याइतकी सोपी असतेच असे नाही: वर्षानुवर्षे पिशवीने ताणलेली त्वचा रिकामी पडते, दाबामुळे मूळच्या ऊती पातळ झालेल्या असू शकतात, आणि काढल्यानंतर बहुतेक वेळा तेच उत्थापन सुचवले जाते ज्याचा विचार सुरुवातीला बाजूला सारलेला असतो. वीस वर्षांपूर्वी आरोपण काढलेल्या स्तनांची छायाचित्रे शल्यविशारदाकडे नसतील, पण अलीकडे काढलेल्यांची असू शकतात. रुग्णांच्या संमतीने जपलेली अशी छायाचित्रे असतील, तर आरोपणानंतरच्या छायाचित्रांबरोबर तीही पाहायला मागावीत.