नवी वहाण पायाशी कशी जुळते

कोल्हापुरी वहाण पहिले काही दिवस चावते, हा तिचा दोष मानला जातो. वस्तुतः तो तिच्या घडणीचाच परिणाम होय. जनावराचे कातडे मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या गुंतलेल्या तंतूंचे बनलेले असते. बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिन हे तंतू बांधून ठेवते. त्यामुळे कातडे कुजत नाही, परंतु भरीव व ताठ होते. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली पेटंट घेतलेल्या क्रोमियमच्या पद्धतीने कमावलेले चामडे त्या मानाने मऊ असते, आणि पुढे बुटांसाठी तेच जगभर रूढ झाले. कोल्हापुरी वहाणेने मात्र जुनी वाट सोडली नाही. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये तिचे भौगोलिक मानांकन मिळाले.

असे चामडे मऊ करणे म्हणजे त्यातील तंतूंना एकमेकांवरून सरकू देणे. हे काम तेल करते. पट्ट्यांना व अंगठ्याला आतल्या बाजूने एरंडेल किंवा खोबरेल बोटाने थोडे थोडे चोळावे, रात्रभर मुरू द्यावे आणि उरलेले पुसून टाकावे. दिल्लीच्या द्वारका उपनगरात जानेवारी महिन्यात खोबरेलाची बाटली उघडली, तर तेल थिजलेले आढळेल. सुमारे २४ अंश सेल्सियसखाली ते गोठते व चामड्यात शिरत नाही. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात ठेवावी. वहाण नव्हे! भिजलेले चामडे मऊ लागते खरे, परंतु पाणी उडून जाताना तंतू एकमेकांना चिकटतात आणि वहाण पूर्वीपेक्षा ताठ होते. त्यात दिल्लीचे मे-जूनचे ऊन लागले, तर तडेही जातात. तेलाचा अतिरेकही तितकाच वाईट. तळ नरम पडतो, पट्टे सैल होतात, आणि एकदा ताणलेला पट्टा पुन्हा आवळत नाही.

उरलेले काम पाऊलच करते. प्रारंभी घरातल्या घरात थोडा वेळ वापरावी. घर्षणाने त्वचेचे थर सुटून मध्ये द्रव साचतो, तोच फोड. म्हणून लाली दिसताच वहाण काढावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या माणसाला मात्र हे चावणे जाणवतच नाही, आणि नकळत झालेली जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. अशाने अंगठ्याची ताठ वहाण सवयीने बसेल या भरवशावर घालूच नये. वडीलधाऱ्यांसाठी गावाकडून हौसेने वहाणा नेणाऱ्यांनी पायाच्या मापाआधी ही चौकशी करावी.