मूठ सोडली की रेस खाली आलीच पाहिजे. एक्सलेटरला नेमकं कोणतं तेल घालावं?

बेळगाव : पावसाळा सरत आला की शहरातल्या आणि खानापूर भागातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘एक्सलेटर जड झालाय.’ दुसरी तक्रार याहून वाईट. मूठ सोडली तरी रेस खाली येत नाही. पहिल्या तक्रारीने मनगट दुखते, दुसरीने जीव धोक्यात येतो. आणि गंमत अशी की पहिली तक्रार घालवायला केलेल्या उपायातूनच बऱ्याचदा दुसरी उभी राहते.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी खानापूरहून परतताना भर पावसात माझ्या गाडीची मूठ अर्धी फिरलेली तशीच अडकली. क्लच दाबला, इंजिन किंचाळू लागलं. किल स्विच दाबून कसाबसा कडेला थांबलो. आठवडाभर आधीच एका गॅरेजमध्ये केबलला ‘भरपूर’ ग्रीस घालून घेतलं होतं. केबल उघडल्यावर आत काळा-तांबडा चिकट लगदा निघाला.

असं का होतं ते समजायला रचना पाहू. उजव्या मुठीच्या रबराखाली प्लास्टिकची नळी असते, ती हँडलच्या पाइपवर फिरते. नळीला अडकवलेली बारीक तार एका लांब आवरणातून कार्बोरेटरपर्यंत, नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत थ्रॉटल बॉडीपर्यंत जाते. मूठ पिळताना ताकद आपल्या हाताची असते. परत येताना मात्र सगळं काम तिथल्या स्प्रिंगने करायचं असतं, आणि ती स्प्रिंग काही फार दांडगी नसते. तिला ओढावी लागणारी तार जाड ग्रीसमध्ये रुतली की ती हरते. म्हणून इथे वंगण जितकं पातळ आणि जितकं कमी, तितकं बरं. व्हील बेअरिंगला जे चालतं ते इथे चालत नाही.

आता आपल्याकडे प्रत्यक्षात काय काय घातलं जातं ते बघा. सगळ्यात घरगुती उपाय म्हणजे खोबरेल तेल. उन्हाळ्यात ते छान वाटतं. पण साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली खोबरेल गोठू लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटेचा पारा त्याच्या बराच खाली असतो. न्हाणीघरात गोठलेली बाटली आपण गरम पाण्यात धरतो; केबल कशात धरणार? शेंगतेल वगैरे खाण्याची इतर तेलंही नकोत, ती हवेने हळूहळू चिकट होतात.

इंजिनातून काढलेलं जुनं काळं तेल फुकट मिळतं म्हणून ‘चालतंय की’ म्हणत सोडलं जातं. त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, तो असलं तेल आपल्या मशीनला कधीच घालणार नाही. चेनचा स्प्रे तर मुद्दाम चिकटून राहण्यासाठीच बनवलेला असतो, तेव्हा तोही बाद.

डब्ल्यूडी-40 बद्दल मात्र गैरसमज जास्त आहे. त्याच्या नावातच ‘पाणी हटवणारं’ असा अर्थ दडलेला आहे. ओली, गंजू लागलेली केबल धुवायला ते चांगलं. पण त्यातला मोठा भाग उडून जातो आणि जाताना आतलं जुनं वंगणही धुऊन नेतो. दोन दिवस मूठ लोण्यासारखी फिरते, मग पुन्हा जड. ते मारलंच तर वरून तेल द्यायला विसरू नका.

मग घालावं काय? साध्या धातूच्या केबलला शिलाई मशीनचं तेल किंवा केबलसाठी मिळणारा पातळ स्प्रे. दोन्ही नसेल तर नवं, न वापरलेलं इंजिन ऑइल काही थेंब. काही केबलना आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं. तिथे गाडीच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते आधी पाहावं. जाड ग्रीस अशा केबलमध्ये अजिबात नको.

केबलचं वरचं टोक मोकळं करून उभं धरा, प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्याचं नरसाळं करून त्याला टेपने बांधा, तेल सोडा आणि तार वर-खाली करत राहा. खालचं टोकही आधी सोडवून त्याखाली फडकं धरावं, नाहीतर सगळी घाण इंजिनाच्या तोंडाशी जाते. खाली स्वच्छ तेल टिपकू लागलं की थांबायचं. ग्रीसला या सगळ्यात एकच जागा आहे: तारेच्या टोकाची धातूची गोळी, जिला गॅरेजवाले निपल म्हणतात. तिला लिथियम ग्रीस, तेही तुरीच्या दाण्याएवढं.

मुठीखालच्या नळीचा प्रश्न वेगळा. कणकुंबीकडचा पाऊस आणि चोर्ला घाटातली लाल माती घेऊन रोज गोव्याला ये-जा करणाऱ्यांच्या गाडीत इथे चिखलच साठतो. बाहेरून स्प्रे मारून काही होत नाही. उलट तेल रबर आणि नळीच्या मध्ये शिरलं तर हातात नुसतं रबर फिरतं, नळी जागची हलत नाही. स्विचच्या डबीचे स्क्रू काढून नळी बाहेर ओढा, पाइपवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसून कोरडं करा. हवं तर सिलिकॉनचा पुसट हात द्या. स्प्रे थेट मारू नका, फडक्यावर घ्या. जवळच स्विचचे पॉइंट आहेत आणि खाली पुढच्या ब्रेकची डिस्क.

कधी कधी दोष तेलाचा नसतोच. मुठीवर चढवलेलं जाड कव्हर, टोकाचं वजन नळीला घासणं किंवा अपघातानंतर चुकीच्या वाटेने ओढलेली केबल, यानेही मूठ अडते. आणि तारेचा एक जरी धागा तुटून वर आला असेल तर तेलाचा विचार सोडा, केबल बदला. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांची केबल काही शे रुपयांत येते. नव्या केटीएम 390 ड्यूक किंवा हिमालयन 450 सारख्या गाड्यांत ही केबलच नसते, मूठ सेन्सरला जोडलेली असते. तिथे स्वतः खोलायच्या भानगडीत पडू नये.

काम झालं की इंजिन बंद असताना मूठ पूर्ण पिळून सोडा. ‘खट्’ आवाज करत ती एका झटक्यात परत आली पाहिजे. हँडल मध्ये असताना, मग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच करा. पिळताना सुरुवातीला मूठ थोडी रिकामी फिरावी, बऱ्याच गाड्यांना 2 ते 6 मिलिमीटर. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर चालू करा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जात आहे. ती नीट केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.