दीडशे रुपयांची मुलूखमैदान

सभेत एखादा वक्ता तासभर धडाडला की आपल्याकडे सहज म्हणतात, "मुलूखमैदान तोफ आहे अगदी!" आचार्य अत्र्यांपासून गावच्या पंचायत सदस्यापर्यंत कितीतरी जणांना ही पदवी मिळाली. खरी तोफ मात्र विजापूरच्या शेरझा बुरुजावर मुकाट बसलेली आहे. विद्यार्थ्यांना तिथे नेले की ते तिच्या जबड्यापाशी फोटो काढतात. ही तोफ सरकारने एकदा लिलावात काढली होती आणि सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची आली होती, हे सांगितले की सगळे हसतात. मग कोणीतरी हमखास विचारते, "सर, मग ती परत कशी आली?"

ती परत आली नाही. ती गेलीच नाही. पण त्याआधी तिचा प्रवास पाहायला हवा, कारण ही तोफ मुळात विजापूरची नव्हेच.

तोफांना मालक बदलायची जुनी खोड आहे. सुरतेचेच घ्या. १५३८ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानचे आरमार दीवला वेढा घालायला आले आणि अपयश घेऊन परतले. जड तोफा मात्र इकडेच राहिल्या. पुढे खुदावंतखानाने तापीकाठी सुरतेचा किल्ला बांधला, तेव्हा यांतल्या काही तोफा त्याने किल्ल्यावर नेल्या. १५७३ मध्ये अकबराने सुरत घेतली आणि या 'सुलेमानी' तोफा आग्र्याला हलवण्याचा हुकूम सोडला. शंभर वर्षांनी त्याच सुरतेत तोफा हा रोकडीचा माल झाला होता. फ्रेंचांच्या सुरतेतील प्रमुखाकडून शिवाजी महाराजांनी ऐंशी तोफा आणि बंदुकांसाठी शिसे विकत घेतल्याचे अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार ऑर्म याने लिहून ठेवले आहे. जी सुरत महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये लुटली, तिथल्याच व्यापाऱ्यांकडून पैसे मोजून तोफा! धंद्याला वैर नसते म्हणतात ते असे.

सुरतेच्या तोफांप्रमाणे मुलूखमैदानही तुर्की हातची. महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तिच्यात तांब्याची नाणी भरून डागल्याचे सांगतात. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली. तिथून १६३२ मध्ये तिला विजापुरात आणले ते मुरार जगदेवाने. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला म्हणून मराठी माणूस ज्याला विसरत नाही, तोच हा मुरार. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली म्हणतात. तिची 'कडक बिजली' नावाची बहीण वाटेत नदीत बुडाली, अशीही कथा आहे. १६८६ मध्ये आदिलशाही बुडाली, तेव्हा औरंगजेबाने तोफ तिथेच ठेवली आणि विजापूर जिंकल्याचा आपला लेख तिच्यावर कोरून घेतला. म्हणजे एका तोफेवर दोन मालकांच्या सह्या.

लांबी चौदा फुटांहून जास्त, तोंडाकडचा घेर असा की शेजारी उभा माणूस लहान दिसावा. वजन पंचावन्न टन सांगतात. धातू घंटेचा, त्यामुळे टिचकी मारली तर नाद येतो. तोंडाला सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात चिरडलेला हत्ती.

आता १८५४. सहा वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये, साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले होते आणि विजापूर त्या राज्यात होते. साताऱ्याच्या कमिशनरचा हुकूम सुटला की विजापुरात पडलेला निरुपयोगी सरकारी माल विकून टाका. कार्यालयाच्या दृष्टीने मुलूखमैदान हा निरुपयोगी मालच होता. डागता येत नाही, हलवता येत नाही, जागा मात्र अडवते. ती लिलावात निघाली. दीडशेवर कोणी चढेना. हिशेब केला तर रुपयाला साडेतीनशे किलोहून जास्त धातू पडतो. एवढी स्वस्ताई का? मला वाटते, घेणाऱ्याने बरोबर विचार केला असेल. तोफ फोडायची कशी आणि न्यायची कशी? विजापूरला रेल्वे यायला अजून तीस वर्षे होती.

तोफ वाचली ती एका मामलेदारामुळे. बोली फारच हलकी आहे आणि लोकांची या तोफेवर मोठी श्रद्धा आहे, असे त्याने वरिष्ठांना कळवले. असिस्टंट कमिशनरने विक्री रद्द केली. विजापूर जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरात ही हकीकत आली आहे. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. मामलेदाराने नुसती श्रद्धा पुढे केली असती तर साहेबाने कागद बाजूला सारला असता. त्याने आधी पैशाची गोष्ट काढली. सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही हे शहाणपण कळेल.

जिथे असा मामलेदार नव्हता, तिथल्या शस्त्रांचे काय झाले? १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतानाची शस्त्रे इंग्रज अधिकाऱ्यांनी वाटून घेतली. मार्च २०१९ मध्ये टिपूची एक चकमकीची बंदूक इंग्लंडमधल्या लिलावात साठ हजार पौंडांना गेली. त्याच्या शयनगृहातल्या तलवारीला मे २०२३ मध्ये एक कोटी चाळीस लाख पौंड आले. त्याची एक तलवार विजय मल्ल्या यांनी २००३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना घेतली, तेव्हा कर्नाटकात कोण कौतुक झाले! पण ती घरी लाभत नाही म्हणून देऊन टाकल्याचे २०१८ मध्ये लंडनच्या कोर्टातल्या सुनावणीत सांगण्यात आले. खासगी माणसाने परत आणलेली वस्तू गावाची होतेच असे नाही. नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांची तलवार मात्र एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. एका तलवारीला एवढे, तर मुलूखमैदान परत घ्यायची वेळ आली असती तर किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या मोठ्या गोष्टी झाल्या. आपल्या सीमाभागात कितीतरी घरांत आजोबांची बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक असते. डुकरे पीक खातात म्हणून घेतलेली. खंडेनवमीला, म्हणजे आपल्या कन्नड घरांतल्या आयुधपूजेला, ती पाटावर मांडतात. मग आजोबा जातात, मुले पुण्याला नाहीतर बेंगळूरला असतात, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची कटकट, परवान्याच्या नूतनीकरणाचे हेलपाटे. "विकून टाका एकदाची," असे घरातूनच निघते.

विकणे जमते. परत घेणे जवळजवळ अशक्य. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक दुसऱ्याला द्यायची तर घेणाऱ्याकडे परवाना लागतो. जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. परवाना सोडलेल्याला परत घेताना हाच मार्ग, आणि तोही नव्या अर्जापासून. अर्ज मंजूर होईलच याची खात्री नाही. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. तिसरे असलेल्यांना ते वर्षभरात जमा करावे लागले. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. म्हणून आजोबांची जुनी विलायती बंदूक ज्या भावात गेली, त्या भावात ती दुसऱ्यांदा मिळत नाही.

कोडगूचे लोक याबाबत भाग्यवान. कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना परवान्याची अट नाही, आणि ही सवलत २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. कैलपोद सणाला ते बंदुकीची पूजा करतात आणि घरात मुलगा जन्मला की बार काढतात. आपल्याला ती सोय नाही. पण २०१६ च्या शस्त्र नियमांत एक वाट आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, की हयातीतच वारसाचे नाव देऊन त्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मुलगाच हवा असे नाही, मुलगीही चालते. तेव्हा घरात बंदूक असेल आणि आजोबा अजून खुर्चीत बसून पेपर वाचत असतील, तर परवान्याची वही काढून त्यांच्यासमोर ठेवा आणि कोणाचे नाव घालायचे ते त्यांनाच विचारा.