मोठ्या गाडीची धाकटी बहीण

आधी एक कबुली देते. माझं पहिली ते दहावी शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत माझा अजून गोंधळ उडतो, म्हणून या लेखात सगळे आकडे अंकांतच लिहिलेत. तरीही मराठी विभागासाठी लिहायचं धाडस करतेय, कारण विषय माझ्या घरचा आहे आणि आपल्या ब्रँचचासुद्धा. प्रश्न असा : एखाद्याकडे भलीमोठी ॲडव्हेंचर बाईक असताना त्यानं दुसरी, हलकी बाईक घ्यावी का? आणि घ्यायचीच तर कोणती?

"दोन-दोन बाईक? लाड आहेत नुसते!" असं तुम्ही म्हणाल. माझी मामीही हेच म्हणाली होती. जरा थांबा, पुढं वाचा.

माझ्या मामाचं भोसरीला छोटंसं मशीनशॉप आहे. २५ वर्षं लेथवर उभं राहून झाल्यावर २०२१ मध्ये त्यानं आयुष्यातली एकमेव चैन केली. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस घेतली. १२५४ सीसीचं बॉक्सर इंजिन, १३६ हॉर्सपॉवर, १४३ न्यूटन-मीटर टॉर्क. हायवेवर ती गाडी म्हणजे राजेशाही थाट! पुण्याहून निघून संध्याकाळी गोव्यात उतरलं तरी पाठ तक्रार करत नाही.

पण मामाचं खरं जाणं-येणं गोव्याला नाही, आजीकडे. आजी भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या मागच्या अंगाला राहते. ती पुण्यात यायला तयार नाही, आणि मामा दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे गेल्याशिवाय राहत नाही. कापूरहोळच्या फाट्यापर्यंत हायवे, मग भोरपर्यंत बरा डांबरी रस्ता, आणि शेवटचे ४ किलोमीटर नुसती माती. पावसाळ्यात तिथं कार जात नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये त्याच ४ किलोमीटरात मामा पडला. वेग किती होता माहितीये? जवळजवळ शून्य! वळणावर थांबला, पाय टेकवला, पाय चिखलात सरकला आणि गाडी हळूच आडवी झाली. घोटा डिकीच्या पेटीखाली अडकला. तो कसाबसा सोडवला, पण गाडी काही उचलेना. पाऊस चालू, मोबाईलला रेंज नाही. तासाभरानं तिघंजण शेतातून आले, तेव्हा कुठं गाडी उभी राहिली.

घोटा महिन्याभरात बरा झाला. पण नंतर मामा रविवारी खाली पार्किंगमध्ये जायचा, गाडी पुसायचा आणि परत वर यायचा. आजीकडे जाणं जवळपास बंद. मामी म्हणाली, "विकून टाका." मामा काहीच बोलला नाही. मला जास्त वाईट त्याचंच वाटलं. शेवटी एकदा मला म्हणाला, "काय इंजिनिअरबाई, हे एवढं शिकताय, तर सांगा, गाडी का पडली आणि मला का उचलली नाही?"

सेमिस्टर एकच्या मेकॅनिक्समध्ये मी काठावर पास झालेली! तरी कागद-पेन घेऊन बसले.

गाडी उभ्या उभ्या का पडते?

गाडी म्हणजे जमिनीला टेकलेली एक काठी समजा. टायर जिथं टेकतो तो तिचा टेकू. गुरुत्वमध्य साधारण निम्म्या उंचीवर आणि आपले हात टोकाला, म्हणजे हँडलवर. गाडी सरळ असते तोवर वजन थेट टेकूतून खाली जातं, हाताला काहीच लागत नाही. ती कलली की वजनाचा मोमेंट सुरू होतो, आणि तो कोनाच्या साईनप्रमाणे वाढतो.

जीएसचं वजन पेट्रोलसकट २४९ किलो. त्या दिवशी पेट्यांत आजीसाठी तेल-तांदूळ असं २५ किलो सामान होतं. एकूण २७४. गाडी २० अंश कलली, तर तिला धरून ठेवायला हँडलपाशी साधारण ४७ किलोंचा जोर लागतो. हेच वजन १५८ किलो असेल तर लागतो २७ किलोंचा. हिशेब ढोबळ आहे, पण फरक बघा. २७ किलो आपण एका पायावर, घसरड्या जमिनीवरसुद्धा सावरू शकतो. ४७ किलो नाही. आणि जड गाडी एकदा ठरावीक कोनाच्या पुढं गेली, की तिला धरायला जाऊ नये, सोडून बाजूला व्हावं! कंबर गाडीपेक्षा महाग असते.

पडलेली गाडी उचलताना काय होतं?

पूर्ण आडव्या गाडीला सुरुवातीला निम्म्या वजनाइतका जोर लागतो. बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, त्यामुळे जीएस पूर्ण झोपत नाही, हा तिचा मोठा गुण. ती ३० अंशांवर टेकून राहते असं धरलं, तरी सामानासकट ११९ किलोंचा जोर हवा. म्हणजे सिमेंटची दोन पोती आणि वर थोडं! १५८ किलोंच्या गाडीला साधारण ७५, म्हणजे दीड पोतं. तेही कमी नाही, पण पाठ सीटला लावून, गुडघे वाकवून, हातांऐवजी पायांच्या जोरानं रेटलं तर एकट्या माणसाला जमतं. (इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. आणि उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच काढून ठेवायचा, म्हणजे उचलता उचलता ती पलीकडे कोसळत नाही.)

हे आकडे मामाला दाखवले. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी म्हातारा झालो म्हणून नव्हे तर!" मी म्हटलं, "मामा, पंचविशीतल्या पैलवानालाही त्या चिखलात ती उचलली नसती." त्या दिवशी पहिल्यांदा तो त्या प्रसंगावर हसला.

मग १३६ हॉर्सपॉवर कशाला?

हायवेला! तिथं त्या ताकदीचा, वजनाचा आणि वारा अडवणाऱ्या काचेचा उपयोग होतो. चिखलात मात्र ताकद इंजिन ठरवत नाही, टायर आणि जमिनीतलं घर्षण ठरवतं. त्या मर्यादेपुढचा टॉर्क नुसतं चाक फिरवतो. म्हणूनच मोठ्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल असतं, म्हणजे आधी इंजिनानं निर्माण केलेली ताकद नंतर इलेक्ट्रॉनिक्सनं कापायची. मातीतल्या ४ किलोमीटरांना १९ हॉर्सपॉवर भरपूर झाली.

दुसरी गाडी निवडायची कशी?

इथं माझा पहिला नियम : दुसरी गाडी पहिलीची छोटी कॉपी नको. पहिलीला जे जमत नाही, नेमकं तेच तिला जमायला हवं.

२०२५ च्या सुरुवातीला आम्ही यादी केली. मामीचं बजेट सव्वा लाख, वर एक रुपया नाही.

१) रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० : ४५२ सीसी, ४० पीएस, १९६ किलो. एकच गाडी ठेवायची असती तर मी हिचंच नाव घेतलं असतं. पण जीएसपेक्षा ती फक्त ५३ किलोंनी हलकी. हायवेही करते, मातीही करते, म्हणजे दोन्ही गाड्यांची कामं एकमेकींत मिसळणार. शिवाय बजेटबाहेर.

२) कावासाकी केएलएक्स २३० : फक्त १३९ किलो. उचलायला सगळ्यांत सोपी. पण सीट ८८० मिलिमीटरच्या आसपास, आणि मामा ५ फूट ५ इंच. जो माणूस पाय नीट न टेकल्यामुळे पडला, त्याला उंच सीट देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. टाकीही साडेसात लिटरच्या आसपास, म्हणजे भोरला जाऊन येताना पेट्रोलचा विचार डोक्यात.

३) हिरो एक्सपल्स २१० : त्याच जानेवारीत आलेली, लिक्विड कूल्ड, जास्त ताकदवान. वजन १७० किलोच्या आसपास. चांगली, पण नवीकोरी, म्हणून बजेटबाहेर.

४) हिरो एक्सपल्स २०० ४व्ही : १९९.६ सीसी, सुमारे १९ हॉर्सपॉवर, १५८ किलो, सीट ८२५ मिलिमीटर, ग्राउंड क्लिअरन्स २२०, टाकी १३ लिटर. पुढचं चाक २१ इंची. जीएसचं पुढचं चाक १९ इंची आहे. चाक मोठं असलं की खड्ड्याच्या काठावर ते जास्त सपाट कोनात चढतं, त्यामुळे धक्का कमी लागतो. लहानपणी सायकलच्या मोठ्या चाकानं आणि स्केटिंगच्या छोट्या चाकानं फुटपाथ चढून बघितला असेल, तर फॉर्म्युला लागणार नाही!

आम्ही चौथी घेतली, तीन वर्षं वापरलेली. सेकंडहँड घेण्याचं कारण फक्त पैसे नव्हतं. जी गाडी पडणारच आहे, ती आधीच ओरखडे असलेली बरी. नव्या गाडीच्या ओरखड्याच्या भीतीनं माणूस तिला मातीत नेतच नाही, मग घेऊन उपयोग काय? घेताना चासी सरळ आहे ना, पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळत नाही ना, चाकाचे स्पोक सैल नाहीत ना आणि हँडलचं बेअरिंग अडकत नाही ना, एवढं मात्र जरूर बघा.

घेतल्यावरच्या सवयी

दोन गाड्या म्हणजे दोन इन्शुरन्स. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला थर्ड पार्टीचे १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ (जीएसटी वेगळा). म्हणजे धाकटीचा बोजा तसा हलका.

जीएसला शाफ्ट ड्राइव्ह आहे, चेनचं लफडंच नाही. त्यामुळे मामा चेनला तेल द्यायचं चक्क विसरायचा! आता साधारण दर ५०० किलोमीटरला मी आठवण करते. दुसरी गोष्ट ब्रेकची. जीएसला दोन्ही चाकांना एबीएस, एक्सपल्सला फक्त पुढच्या. मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होतं. म्हणून गाडी बदलल्यावर पहिली दहा मिनिटं हळू चालवायची आणि मोकळ्या जागी दोन-चार वेळा ब्रेक मारून पायाला सांगायचं, "आज धाकटी आहे हं!"

आणि हो, हिच्यावरून गोव्याला जाऊ नका. हायवेवर ८० पर्यंत ती खुशीत असते, १०० ला जीव तोडून पळते आणि मागून ट्रक आला की ओव्हरटेकला हाताशी काही शिल्लक नसतं. तिथं थोरलीच हवी. दोघींत डावं-उजवं करू नये, कामं वाटून द्यावीत.

२०२५ च्या पावसाळ्यात मामा पुन्हा आजीकडे जाऊ लागला. ऑगस्टमधल्या एका रविवारी रात्री आजीचा मला फोन आला. "अगं, तुझा मामा आज आला तो डाव्या अंगानं नखशिखांत चिखलात माखलेला. विचारलं तर म्हणतो, काही नाही, जरा बसलो होतो." मी मामाला विचारलं. थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "त्याच वळणावर. एकट्यानं उचलली." आणि लगेच, "मामीला सांगू नकोस."

सांगितलं नाही. आता छापून येतंय, तर मामीच्या हाती हा अंक पडू नये एवढीच प्रार्थना! जीएस अजून पार्किंगमध्येच आहे, विकलेली नाही. दिवाळीत मामा-मामी तिच्यावरून गणपतीपुळ्याला जाऊन आले.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या घरी कुणी मोठ्या गाडीकडे नुसतं बघत बसलं असेल, तर "वय झालं" म्हणायच्या आधी एकदा कागद-पेन घ्या. कदाचित दोष वयाचा नसेल, किलोंचा असेल!