पाकिटातले मीठ कोणी मोजायचे?

‘डॉक्टर, मीठ तर मी केव्हाच कमी केले!’ रक्तदाबासाठी नियमित येणारे एक निवृत्त गुरुजी परवा काहीशा रागानेच म्हणाले. भाजीत मीठ अर्धे, लोणचे बंद, पापड फक्त सणाला. तरीही वरचा रक्तदाब 160 च्या खाली येईना. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी नातवाच्या बशीतले नूडल्स आणि संध्याकाळी मूठभर फरसाण. यातले मीठ त्यांनी हिशेबात धरलेच नव्हते.

प्रौढ व्यक्तीने दिवसभरात सर्व मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, इतकेच मीठ घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात सरासरी सुमारे 8 ग्रॅम खाल्ले जाते. जादा मिठाबरोबर शरीरात पाणी साठते, रक्ताचे आकारमान वाढते आणि त्याचा ताण रक्तवाहिन्या, हृदय व मूत्रपिंडांवर पडतो. पक्षाघाताचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

घरची आमटी खारट झाली तर जीभ लगेच तक्रार करते. पाव आणि गोड बिस्किटांच्या बाबतीत ती फसते. शिवाय खायचा सोडा आणि पापडखार यांतूनही सोडियम पोटात जाते. पाकिटावरच्या तक्त्यात ‘मीठ’ शोधायला जाल तर बहुधा ‘सोडियम’ सापडेल, तेही मिलिग्रॅममध्ये आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो. 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. पण हा गुणाकार दुकानात उभे राहून किती जण करणार?

म्हणूनच या कामी सरकारने लक्ष घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिण आफ्रिकेने 2013 मध्ये तसा नियम केला. कारखानदारांना तीन वर्षांची मुदत दिली आणि 2016 पासून 100 ग्रॅम पावात 400 मिलिग्रॅम सोडियमची कमाल मर्यादा घातली. 2019 मध्ये ती 380 वर आणली. नूडल्स, सूपची पावडर, खारे पदार्थ यांनाही मर्यादा लावल्या. मीठ असे टप्प्याटप्प्याने उतरवले की जिभेला फारसे जाणवत नाही, ही त्यातली मेख.

‘आता आम्ही काय खावे हेही सरकार ठरवणार का?’ असे कोणी विचारील. मिठाच्या बाबतीत सरकारने ते पूर्वीच ठरवले आहे. गलगंडासारखे विकार टाळण्यासाठी खाण्याच्या मिठात आयोडीन असलेच पाहिजे, असा नियम 2006 पासून देशभर लागू आहे. आज घरोघरी तेच मीठ वापरले जाते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. आपल्याकडे बहुतांश मीठ अजूनही घरच्या स्वयंपाकातून जाते. लोणच्याच्या बरणीवर कायदा चालत नाही. गल्लीतल्या फरसाणवाल्याकडे सोडियम मोजायची सोयही नसते. तेव्हा सुरुवात मोठ्या कारखान्यांपासून करावी. मुलांच्या जिभेला खाऱ्याची चटक तिथल्याच पाकिटांतून लागते आहे.

गुरुजींना पाकिटावरची अक्षरे चष्म्यातूनही दिसत नाहीत. त्यामुळे अडीचचा गुणाकार सहावीतल्या नातवाकडे सोपवला आहे. पहिल्याच दिवशी त्याने नूडल्सचे पाकीट वाचले आणि मसाल्याची पुडी अर्धीच टाकली, असे गुरुजी सांगत होते.