मूल ‘रुळले’ म्हणतात, तेव्हा...

‘नीट वागला नाहीस, तर बोर्डिंगात टाकीन!’ गिरगावातल्या आणि लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या निदान दोन-तीन पिढ्यांनी हे वाक्य ऐकलेले आहे. बोलणाऱ्या बापाकडे बोर्डिंगच्या फीचे पैसे नसत आणि ऐकणाऱ्या मुलालाही ते ठाऊक असे. त्यामुळे धमकी तेवढ्यापुरतीच राही. पण ज्यांच्याकडे पैसे होते किंवा ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, अशा घरांतली मुले खरोखरच ट्रंक घेऊन निघाली. कुणी पाचगणीला, कुणी नाशिकला, कुणी १९६१ साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या सैनिक शाळेत. अगदी दादरमध्येसुद्धा १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी सुरू केलेली अंध मुलींची निवासी शाळा आहे. घरच उरले नाही अशा मुलांसाठी चिल्ड्रन्स एड सोसायटीची डोंगरीची वास्तू आहे. हा तोच जुना तुरुंग, जिथे १८८२ साली टिळक-आगरकरांनी एकशे एक दिवस काढले होते.

मूल पाचगणीला गेलेले असो वा डोंगरीला, महिन्याभराने घरच्यांना, नाहीतर कचेरीतल्या फायलीला, एकच निरोप मिळतो. ‘रुळला हो तुमचा मुलगा!’ आधी रडायचा, आता रडत नाही. पानात पडेल ते खातो, घंटा झाली की उठतो, कुणाला त्रास नाही. आई डोळे पुसते, वडील सुटकेचा निःश्वास टाकतात. हा शब्द उच्चारणाऱ्या रेक्टरांच्या मनात खोट नसते. पण वसतिगृहाच्या माणसांना प्रशिक्षण द्यायचे म्हटले तर सुरुवात याच शब्दापासून करायला हवी.

या शब्दावर पहिला मोठा घाव घातला तो एका चित्रपटाने, १९५२ साली. जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश समाजकार्यकर्त्याने लंडनमधल्या एका रुग्णालयात दोन वर्षांच्या मुलीचे आठ दिवसांचे वास्तव्य चित्रित केले. शस्त्रक्रिया साधी होती, पण आई जवळ नव्हती. त्या काळी तिकडच्या रुग्णालयांत आईबापांना भेटण्याची वेळ अगदी तुटपुंजी असे. भेटून गेल्यावर मुले जास्त रडतात, हे त्याचे कारण! रॉबर्टसनने आणि त्याचा सहकारी जॉन बोल्बी याने दाखवून दिले की, आधी मूल आक्रोश करते, मग खचते आणि शेवटी मन काढून घेते. हा शेवटचा टप्पा परिचारिकांना ‘रुळले’ असा दिसत होता. डॉक्टर मंडळी आधी चिडली. पण १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने भेटीच्या वेळा खुल्या करण्याची शिफारस केली.

दोन वर्षांचे बाळ आणि सहावीतला मुलगा यांची तुलना सरसकट करता येत नाही, हे खरे. शिवाय वसतिगृह म्हणजे छळछावणी, असेही नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगांनी महाराष्ट्रातल्या किती घरांत पहिला शिकलेला माणूस दिला, हे सांगायला नको. घरात रोज मार खाणाऱ्या मुलाला वसतिगृहातली लोखंडी कॉट हीच पहिली सुरक्षित जागा वाटू शकते. प्रश्न वसतिगृह असावे की नसावे, हा नाहीच. गप्प झालेले मूल खरोखर सावरले आहे की आतून मिटले आहे, हे तिथे कोण पाहते, हा आहे.

शिक्षक पाहतील, असे आपण गृहीत धरतो. पण शिक्षकाला मूल भेटते ते आंघोळ केलेले, भांग पाडलेले, तासाला बसलेले. समुपदेशक असलाच तर ठरलेल्या वाराला येतो. रात्री दिवे गेल्यावर खोलीत काय चालते, हे ठाऊक असते रेक्टरला, गृहपालाला, मेट्रनला आणि त्यांच्याहीपेक्षा मावशींना, आचाऱ्याला, वॉचमनला. ओली चादर पहाटे कुणी लपवली, हे मावशीला कळते. तीन दिवस भाजीला हात न लावता ताट परत कुणी केले, हे वाढणाऱ्याला कळते. घरून फोन आल्यावर कोण जिन्यात जाऊन बसतो, हे वॉचमनला कळते. सरकारी आश्रमशाळेत ‘कामाठी’ नावाचे एक पद असते. पाणी भरणे, भांडी, झाडलोट ही त्याची कामे. मुलांची खडान्‌खडा माहिती त्याला असते. त्याने ती कुणाला सांगावी, असे मात्र कुठल्याही कागदावर लिहिलेले नसते.

म्हणूनच २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल वसतिगृहात मूल ठेवणाऱ्या प्रत्येक पालकाने समजून घेण्याजोगा आहे. विशाखापट्टणममध्ये वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांनी शाळा, महाविद्यालये, शिकवण्या, वसतिगृहे या साऱ्यांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. शिक्षक आणि शिक्षकेतर, अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण हवे. त्यातला ‘शिक्षकेतर’ हा शब्द मोलाचा आहे. न्यायालयाने मावशीला आणि वॉचमनला प्रथमच या साखळीत अधिकृतपणे उभे केले, असे मी मानतो.

याच निकालात निवासी संस्थांनी छताचे पंखे सुरक्षित बनावटीचे बसवावेत, गच्चीकडे जाण्यावर निर्बंध घालावेत, असेही म्हटले आहे. ते योग्यच आहे. पण आपल्या संस्थाचालकांचा स्वभाव पाहता, पंखे आधी येतील आणि प्रशिक्षण मागे राहील, अशी भीती वाटते. पंख्याचे बिल फायलीला लावता येते. मावशी ऐकायला शिकली, याचे बिल कसे लावणार? ‘नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्यूरो’च्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. हे सगळे वसतिगृहातले नव्हेत, शाळकरीही नव्हेत. तरी आकडा लहान होत नाही.

मग शिकवायचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. ती डॉक्टरांसाठी नाही, आपत्तीच्या जागी काम करणाऱ्या साध्या माणसांसाठी आहे. तिचे सार तीन क्रियापदांत मावते. पाहा, ऐका, जोडून द्या. पाहायचे ते बदल. भूक, झोप, वारंवार दुखणारे पोट, आवडीची वस्तू अचानक दुसऱ्याला देऊन टाकणे. दिवाळीच्या सुटीनंतरचा आठवडा आणि निकालाचा दिवस यांवर विशेष नजर हवी. ऐकणे त्याहून अवघड. ‘रडतोस काय मुलीसारखा’, ‘बाहेरची मुलं बघ कशी राहतात’, ‘आई-बाबा किती खर्च करतात तुझ्यावर’ ही वाक्ये तोंडात आली की गिळायची, याचा सराव करावा लागतो. दोघांनी समोरासमोर बसून, एकाने मूल होऊन, तो करता येतो. व्याख्यान ऐकून आणि वडा-चहा घेऊन तो होत नाही.

दोन गोष्टी तर घोकून घ्यायला हव्यात. एक, जगू नये असे वाटते का, हे मुलाला सरळ विचारले तर त्याच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही. ही भीती अनाठायी आहे, असेच अभ्यासकांना आढळले आहे. विचारल्याने मुलाचे ओझे हलकेच होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडायचे नाही आणि जाणकाराला त्याच वेळी बोलवायचे. दुसरी गोष्ट, ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीच द्यायचे नाही. कुणी मुलाच्या अंगाशी गैर वागले असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळणाऱ्याने पोलिसांना सांगणे बंधनकारक आहे. ‘ज्यांना सांगणे भाग आहे, त्यांनाच सांगेन आणि तुला विचारून पुढे जाईन’ एवढेच खरे वचन असते.

‘जोडून द्या’ याबाबत मुंबईकराने तक्रार करू नये. परळला केईएम आणि वाडिया ही रुग्णालये शेजारी-शेजारी उभी आहेत. आणि ज्याला ‘चाइल्ड गायडन्स क्लिनिक’ म्हणतात, ते आपल्या देशात पहिल्यांदा उघडले तेही याच शहरात, १९३७ साली, नागपाड्याला आदल्या वर्षी सुरू झालेल्या टाटांच्या समाजकार्य विद्यालयात. म्हणजे मुलाच्या मनावर इलाज असतो, ही कल्पना आपल्याकडे सुमारे नव्वद वर्षे मुक्कामाला आहे. ती वसतिगृहाचा जिना चढायचीच राहिली.

नाही म्हणायला, एक मराठी माणूस तो जिना फार पूर्वी चढला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ साली शिक्षक झालेल्या साने गुरुजींकडे पुढे छात्रालयाची जबाबदारी आली. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजारी मुलाजवळ बसणे हे सारे ते गाजावाजा न करता करीत. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी काढीत. रोज! त्यांना कुणी प्रशिक्षण दिले नव्हते, हे खरे. पण प्रत्येक वसतिगृहाला एक साने गुरुजी मिळेल, यावर व्यवस्था चालवता येत नाही. आणि याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले. त्या शोकांतिकेची कारणे एका वाक्यात मांडणे उद्धटपणाचे होईल. इतरांच्या मुलांचे अश्रू पुसणाऱ्याची विचारपूस कोण करतो, हा प्रश्न मात्र तिथून उठतोच.

कारण आज ज्यांना आपण ‘मुलांना समजून घ्या’ म्हणतो, ते स्वतः कसे जगतात? रेक्टर धान्य, गॅस, हजेरीपट आणि भांडणे यांत बुडालेला. मावशी अनेक ठिकाणी कंत्राटी. रात्रपाळीचा वॉचमन दिवसा दुसरीकडे नोकरी करणारा. वर्षातून दोन दिवस वर्गात बसवून त्यांच्यावर आणखी एक काम टाकले, तर ते सही करतील आणि विसरतील. रात्री जागणाऱ्याला सकाळची सुटी, पाळी बदलताना पाच मिनिटे बोलायला आणि ‘कोणावर लक्ष ठेवायचे’ ते लिहायला एक वही, मावशीचे म्हणणे ऐकणारी बैठक, अशा साध्या गोष्टींशिवाय प्रशिक्षण टिकत नाही.

येत्या जूनमध्ये जे पालक ट्रंक भरतील, त्यांनी मैदान, मेस आणि निकालाची टक्केवारी जरूर पाहावी. त्याबरोबर मुख्याध्यापकांना विचारावे की रात्री मुलांजवळ कोण झोपते आणि त्या माणसाचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले. जमल्यास त्या माणसालाच भेटावे. ‘टेली-मानस’ ही सरकारी मदतवाणी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. असे क्रमांक वसतिगृहात ठळक लावावेत, हेही न्यायालयाने सांगितले आहे. तो कुठे लावला आहे, ते पाहून घ्यावे, कचेरीच्या काचेआड की मुलांच्या येण्याजाण्याच्या जिन्यात. आणि तो फिरवायला मुलाला रात्री फोन कुणाकडे मागावा लागतो, तेही.